हेल्मेट होतं का डोक्यावर?

सुमे,

मुक्ताचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. हात पिठाचे, म्हणून कोपरानेच स्पीकर सुरू केला. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाली ती. आणि मी, तुझी सख्खी मोठी बहीण, 'कधी' नाही विचारलं, 'कशी' नाही विचारलं. मी विचारलं, "हेल्मेट होतं का डोक्यावर?"

तुझी लेक अगदी हळू म्हणाली, "मावशी, आई घरात होती. मटार सोलत होती."

डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. खुर्चीत बसल्या बसल्याच गेलीस. मांडीवरचं ताट घसरून मटार फरशीभर झाले होते, ते मी आले तेव्हाही कोचाखाली सापडत होते.

गेल्याचं दुःख मला झालं, सुमे. पण ते नंतर झालं. त्या आधी, तो प्रश्न तोंडातून बाहेर पडायच्याही आधी, माझ्या मनात एक वाक्य उमटून गेलं: 'शेवटी झालंच.' आणि त्या वाक्यात रडू नव्हतं. वर्षानुवर्षं चाललेला वाद जिंकल्यावर जे वाटतं, ते होतं. ते किती वेळ टिकलं म्हणशील, तर मुक्ता उत्तर देईपर्यंत. पण होतं. ते कुणी पाहिलं नाही आणि कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून तुला सांगते. तुझ्याशी बोलायला आता माझ्याकडे दुसरं काही उरलेलंही नाही. आपण दुसऱ्या कशावर भांडलोच कुठे?

गाई-म्हशींची डॉक्टर झालीस याचा मला अभिमानच होता. शाळेत बाकीच्या बायका आपल्या बहिणी अमेरिकेत असल्याचं सांगायच्या, तेव्हा मी मुद्दाम म्हणायची, "माझी बहीण गोठ्यात असते." पण स्कूटर विकून मोटारसायकल घेतलीस आणि माझं बिनसलं. चाळिशी उलटलेली बाई, नवऱ्यापासून वेगळी राहणारी, पदरात मुलगी, आणि ही कात्रजहून निघून डोंगरांतल्या वस्त्यांवर मातीच्या वाटांनी मोटारसायकल घालते. "जीप घे," म्हटलं. तू म्हणालीस, "जीप जाते तिथे रस्ता असतो ताई. रस्ता असतो तिथे दुसरा डॉक्टरही असतो."

मग मी निदान हेल्मेट तरी माझ्या पसंतीचं असेल असा हट्ट धरला. मुख्याध्यापिकेचा हट्ट. नाना पेठेतल्या मुनीरभाईंच्या दुकानात आपण गेलो, आठवतं? बाहेर दोऱ्यांना नारळ टांगावेत तशी हेल्मेटं टांगलेली. मी आत शिरताच म्हटलं, "सगळ्यात जड दाखवा."

मुनीरभाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम, हेल्मेट हवंय की पाटा-वरवंटा?"

तू हसलीस. मला राग आला. मला खरंच वाटत होतं की जड म्हणजे भक्कम. तू मला तिथेच, गिऱ्हाइकांसमोर, समजावायला लागलीस, आणि गिऱ्हाइकांसमोर समजावलेलं मला कधीच समजत नाही. तू म्हणालीस, "जड हेल्मेटचं ओझं मानेवर येतं ताई. खडकाळ वाटेवर दिवसभर डोकं हिंदकळतं. संध्याकाळपर्यंत मान गेली, की मी समोरचा खड्डा बघायची बंद होणार. आणि मग पडणार."

तुला एकच हेल्मेट हवं होतं, दोन्हीकडे चालणारं. शेतवाटांवर पोरं वापरतात ते, हनुवटीशी पुढे आलेलं, काच नसलेलं, वर गॉगल लावायचं, ते तू हातात घेऊन परत ठेवलंस. "यात हवा छान खेळते. पण स्वारगेटच्या चौकात बसचा सगळा धूर माझ्या नाकात." मी पुढे केलेलं लाल, चहूकडून बंद, तेही ठेवलंस. "हे हायवेला उत्तम. पण चढावर गाडी पायी चालल्यासारखी चालते, तेव्हा आत गुदमरायला होतं, काचेवर वाफ धरते." शेवटी एक राखाडी रंगाचं काढलंस. त्याला कपाळावर चोचीसारखी झडप होती, उन्हाला आणि उडणाऱ्या चिखलाला आडवी येणारी, आणि खाली उघडमीट होणारी मोठी काचही होती. "हे कुठलंच काम शंभर टक्के करत नाही," तू म्हणालीस. "हायवेला वारा या चोचीत भरतो आणि डोकं मागे ओढतो. पण माझा दिवस अर्धा डांबरावर आणि अर्धा मातीत जातो. मला असंच अर्धवट पाहिजे."

मग तू ते घातलंस, हनुवटी धरून डावीकडे-उजवीकडे पिरगाळलंस. "बघ, गालाची कातडी बरोबर ओढली जातेय ना? हेल्मेट नुसतं फिरलं तर ते सैल." मागून वर उचलून डोक्यावरून निघतं का तेही पाहिलंस. आयएसआयचा शिक्का पाहिलास, आतलं अस्तर काढून धुता येतं का ते पाहिलंस. "गोठ्यातून आल्यावर धुवायला लागतं." आणि ते डोक्यावर ठेवूनच दुकानात उभी राहिलीस. मुनीरभाईंनी चहा मागवला, आम्ही दोघांनी तो प्यायला आणि तू आपली अंतराळवीरासारखी उभी. काढल्यावर मला कपाळ दाखवलंस. "लाल वळ उठला असता तर मापाचं नाही म्हणून ठेवून दिलं असतं."

मी म्हटलं, "ते काही नाही. लालच घ्यायचं."

मुनीरभाई म्हणाले, "मॅडम, ज्याचं डोकं, त्याला बोलू द्या की."

मी दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले. तू बाहेर आलीस तेव्हा तुझ्या हातात दोन पिशव्या होत्या. "झालं समाधान? दोन्ही घेतली. तुझंही घालीन." मला वाटलं, मी जिंकले.

आणि तू ते घालायचीस. माझ्याकडे यायचीस तेव्हा लाल हेल्मेट डोक्यावर असायचंच. शेजारच्या जोशीबाईंना मी गॅलरीतून दाखवायची, "बघा, मी घेऊन दिलंय." इतकी वर्षं वापरून ते असं कोरं कसं, हा प्रश्न एका गणिताच्या शिक्षिकेला पडू नये याचं नवल वाटतं. एकदा तर विचारलंही. तू म्हणालीस, "जपते."

परवा मुक्ताने तुझं कपाट आवरताना ते कापडी पिशवीतून काढलं. मी म्हटलं, "हे तिचं रोजचं." मुक्ताला हसूही आलं आणि रडूही. "मावशी, हे ती फक्त तुझ्याकडे येताना घालायची. एरवी राखाडीच. तुझ्या घरून परत आली की मान शेकत बसायची."

मी पिशवीची नाडी बांधत बसले.

आता त्या रविवारचं. ते आपण दोघींनी कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे मी सांगू दिलं नव्हतं.

तुझ्याकडे जेवताना नेहमीचंच चाललं होतं. मी म्हणत होते, आता बास कर ती भटकंती, शहरात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना काढ. तू ताटावरून उठलीस कारण फोन आला, खेड-शिवापूरच्या आतल्या एका वस्तीवर गाय अडली होती. हात धुता धुता म्हणालीस, "एकदा मागे बसून ये, मग बोल." मीही ईर्ष्येने म्हटलं, "येते." तू मला लाल हेल्मेट दिलंस. "तुझंच आहे, तूच घाल."

हायवेला मी मजेत होते. सुमे, हे मी कधी कबूल केलं नाही, पण तुझ्या पाठीला धरून बसल्यावर मला लहानपणची सायकल आठवली होती. तेव्हा मी चालवायची आणि तू मागे. मग डांबर संपलं. चढ लागला, गाडी रखडत चालली, आणि काचेवर वाफ धरली. दिसेना. काच वर केली तर धूळ. आत श्वास कोंडला, मान लुळी पडल्यासारखी झाली, आणि शेवटी मी तुझ्या पाठीवर थापा मारल्या. तू थांबलीस. मी उतरून बांधाशी ओकले.

तू एक शब्द बोलली नाहीस. 'बघ, सांगत होते' असं म्हणायची याहून चांगली संधी कुणाला मिळणार? मी असते तर सोडली नसती. तू पाण्याची बाटली दिलीस, तुझं राखाडी हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर चढवलंस, आणि त्याची हनुवटी धरून डावीकडे-उजवीकडे पिरगाळलंस. "बसतंय. दोघींची डोकी आईचीच." पट्टा तूच आवळलास. लाल तुझ्या डोक्यावर घातलंस.

पुढच्या उतारावर पाटाचं पाणी वाटेवर आलं होतं. गाडी जोरात नव्हतीच. पुढचं चाक सरकलं आणि आपण डाव्या अंगावर गेलो. मला आठवतो तो आवाज. कवटीत नारळ फुटावा तसा. वाटेखालच्या मोरीच्या दगडावर माझं डोकं आपटलं होतं.

तू गाडीकडे पाहिलंही नाहीस. चिखलात गुडघ्यांवर बसून माझं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलंस. मी हेल्मेट काढायला गेले तर ओरडलीस. "हात लावू नकोस! मान हलवू नकोस. बोटं हलव. पायाची हलव. नाव सांग तुझं."

"मुख्याध्यापिका," मी म्हटलं.

तू हसलीस, आणि माझं डोकं आणखी घट्ट धरलंस. ते मला हेल्मेटच्या आतही कळत होतं.

कपाळावरची चोच तुटून पडली होती. बाजूला दगडाएवढी खोक. माझ्या डोक्याला काही नव्हतं, नुसता खांदा सोलवटला होता. मी उठून उभी राहिले आणि पहिलं वाक्य काय बोलले, ते तुला आठवत असणारच. "बघितलंस? पडलोच ना!"

तू गाडी उचलत होतीस. मागे न बघता म्हणालीस, "पडलीस. आणि उठलीस."

त्यानंतर तू त्या गाईची सुटका केलीस. खांद्यापर्यंत हात आत घालून, चिखलाने भरलेल्या कपड्यांनी. मी गोठ्याच्या दाराशी पोत्यावर बसून पाहत होते. वासरू जमिनीवर आलं, हललं नाही. तू त्याच्या नाकातला चिकटा बोटांनी काढलास, गवताने अंग खसाखसा चोळलंस, आणि ते शिंकलं. त्या घरच्या म्हाताऱ्याने टोपी काढून तुला हात जोडले. मला तुझ्याजवळ येऊन तुझ्या पाठीवर हात ठेवायचा होता, सुमे. अंगात ते नाही म्हणून नाही ठेवला. आणि खरं सांगायचं तर, तसं केलं असतं तर जेवतानाचा वाद हरल्यासारखं झालं असतं, म्हणूनही नाही ठेवला.

घरी परतल्यावर तू कात्री घेऊन राखाडी हेल्मेटचा पट्टा कापून टाकलास. मी म्हटलं, "चांगलं आहे की, चोच तेवढी नवी बसव." तू म्हणालीस, "आतला थर्माकोल एकदाच दबतो ताई. तुझ्यासाठी दबला. आता त्याचा उपयोग नाही. कुणी उचलून घालू नये म्हणून कापलं." मी तुला उधळी म्हटलं. घरी सगळ्यांना सांगितलं, जिन्यावरून पडले म्हणून खांदा दुखतोय. तू तसंच दुसरं राखाडी आणलंस. आणि त्यानंतर प्रत्येक भांडणात मी तो रविवार काढायची, "मला पाडलं होतंस." एकदाही नाही म्हटलं, मला वाचवलं होतंस. दोन्ही खरं होतं. मी सोयीचं तेवढं वापरलं.

तू गेल्यावर तुझ्या घरी माणसं आली. जो तो दारातच विचारायचा, "गाडीवर ना?" मी म्हणायची, "नाही. घरात. खुर्चीत." लोकांचा विरस होतो ते दिसायचं. अरुणमामा तर सोफ्यावर बसून म्हणाले, "तरी मी सांगत होतो, बाईमाणसाने असले उद्योग..." मी त्यांना तोडून बोलले. "मामा, मटार सोलण्याचे उद्योग करू नयेत का बाईमाणसाने?" मुक्ताने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत कौतुक होतं की तिला माझा तो फोनवरचा प्रश्न आठवत होता, मला कळलं नाही. मी तिच्याकडे बघू शकले नाही. अरुणमामा जे बोलले ते माझंच वाक्य होतं. फक्त त्यांनी मोठ्याने म्हटलं.

दिवसकार्य झाल्यावर एका सकाळी बेल वाजली. दारात एक बाई. नऊवारी, पायात प्लास्टिकच्या चपला, हातात किटली. वेल्ह्याकडच्या कुठल्याशा वस्तीवरून दोन बस बदलून आली होती. हिराबाई म्हणाली नाव. आत येऊन तुझ्या फोटोसमोर बसली, पदर डोळ्यांना लावला, आणि मग मला सांगत बसली. मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं, तिने विचारलंही नाही.

"लई चांगल्या होत्या बाई. आमच्या वस्तीला कुणी येत न्हाय. ह्या यायच्या. पन पयल्यांदा गोठ्यात न्हाय यायच्या. आमच्याकडं रेंज नाय. मागं टेकाड हाय, तिथं लागती. वाट कसली, निस्ते धोंडे. आमची पोरंबी गाडी घालत न्हाईत. बाई आधी तिथं गाडी घालायच्या, फोनवर निरोप धाडायच्या, मग खाली यायच्या. मी म्हनायची, बाई, पाय मोडंल, कशापायी जाता? तर म्हनायच्या, माझी ताई हाय. पोचल्याचं कळलं न्हाय तर जेवत न्हाय ती."

'पोचले.' तुझा तो एका शब्दाचा निरोप. तो आला नाही की मी फोनवर फोन लावायची, नंतर अबोला धरायची. कुठून पाठवतेस, कसा पाठवतेस, मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, मी तुला सांभाळतेय. त्या सगळ्या वाटांत जी सगळ्यात वाईट होती, तिच्यावर तू दर खेपेला माझ्यासाठी गाडी घालत होतीस.

हिराबाईने डोळे पुसले. "त्या ताई कुठं हायत? त्यांना भेटायचं हुतं."

मी म्हटलं, "त्या त्यांच्या घरी गेल्या. मी शेजारीण."

खरंच असं म्हटलं मी, सुमे. तुझ्या फोटोसमोर. एवढं आयुष्य पोरांना खरं बोलायला शिकवून.

आणि तेवढ्यात आतून मुक्ताने हाक मारली, "मावशी, चहा टाकू का यांना?"

हिराबाईने स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कान कोवळ्या पोरीसारखे तापले माझे. मला वाटलं, ही आता उठून जाईल. तिने फक्त किटली माझ्याकडे सरकवली.

"चीक हाय," ती म्हणाली. "काल गाय येली. बाई नव्हत्या, पन त्यांनी दावलं हुतं तसंच केलं समदं. घ्या, ताई."

मला 'मीच ती' असं म्हणता आलं नाही. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. तिचा हात धरला. कातडी तुझ्यासारखीच खरखरीत होती. मुक्ता चहा घेऊन आली तेव्हा आम्ही दोघी रडत होतो, आणि तिने ट्रे खाली ठेवून काही न विचारता माझ्या पाठीवर हात ठेवला. तिला येतं ते. तुझ्याकडून आलं असणार.

दुपारी तुझ्या स्वयंपाकघरात मी खरवस लावला. गूळ कुठल्या डब्यात असतो ते मला माहीत नव्हतं, मुक्ताला विचारावं लागलं. वेलदोडे मिळाले नाहीत. उकडून झाल्यावर वड्या पाडल्या, पहिली तुझ्या फोटोपुढे ठेवली, दुसरी मुक्ताला दिली. ती म्हणाली, "गोड कमी झालाय मावशी."

"हो," मी म्हटलं. "चुकलं माझं."

हे दोन शब्द मी या घरात पहिल्यांदाच बोलले.